हार्ड डिस्कवरून एसएसडीवर : विंडोज आणि गेम घरच्या घरी हलवण्याची रीत

चवथीला पुण्याहून आलेला भाचा घरचा संगणक चालू होताना बघतो, "मामा, याला एसएसडी टाका, बाकी काही नको" असं सांगतो आणि सुट्टी संपली की निघून जातो. सल्ला शंभर टक्के बरोबर असतो. एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारा, हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान ड्राइव्ह. पण कुठली एसएसडी घ्यायची, ती कुठे बसवायची, विंडोज तिकडे कसं न्यायचं आणि शंभर-शंभर जीबीचे गेम पुन्हा उतरवायचे का, हे मागे राहिलेल्या मामाला कोणी सांगत नाही. हा लेख त्या मामासाठी, आणि त्याच्या घरातल्या गेम खेळणाऱ्या मुलांसाठी.

आधी अपेक्षा ठरवून घ्या. एसएसडीने संगणक चटकन सुरू होतो, प्रोग्राम लगेच उघडतात, गेममधला लोडिंगचा वेळ खूप कमी होतो आणि मोठ्या नकाशात फिरताना बसणारे झटके कमी होतात. गेमचा एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) मात्र जवळजवळ तेवढाच राहतो, कारण ते काम ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरचं. "एसएसडी टाकली तरी गेम अडकतोच" म्हणणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या जागी असते. दुसरीकडे, काही नव्या गेमना एसएसडी आता लागतेच. सायबरपंक २०७७ ने २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिली, आणि बाल्डर्स गेट ३ तर एसएसडीवर १५० जीबी जागा मागतो.

१. यंत्रात काय मावतं ते आधी बघा

दुकानात जाण्याआधी करायचं काम हे, आणि सगळ्यात जास्त पैसे फुकट जातात तेही इथेच.

एसएसडी घरगुती वापरात तीन रूपांत मिळते. पहिली अडीच इंची साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्याच प्रकारच्या जोडणीची, लॅपटॉपच्या जुन्या हार्ड डिस्कच्याच आकाराची चपटी डबी. दुसरी आणि तिसरी दिसायला जवळपास सारख्या. दोन्ही च्युइंगमच्या पट्टीसारख्या, एम-टू नावाच्या खाचेत बसणाऱ्या. त्यातली एक आतून साटाच असते आणि दुसरी एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान जोडणीची. आकार सारखा म्हणून काहीही घ्या असं चालत नाही. काही खाचा फक्त साटा ओळखतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. पट्टी खाचेत नीट बसली आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, यंत्राच्या सेटिंगच्या पडद्यावर) दिसतच नाही, याचं कारण बहुतेकदा हेच.

म्हणून संगणक चालू असतानाच स्टार्टमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' शोधा. 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' या ओळीत मदरबोर्डचं मॉडेल मिळेल, ते लिहून घ्या. त्याच पानावर 'बायोस मोड' असतो. तिथे यूईएफआय (यंत्र सुरू होण्याची नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी), तेही लिहा, पुढे लागणार आहे. मग कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचं मॅन्युअल उतरवा आणि त्यातलं स्टोरेजचं पान वाचा. लॅपटॉप असेल तर त्याच्या मॉडेल क्रमांकाने हेच करा. मॅन्युअलमध्ये आणखी एक बारीक टीप शोधा. कित्येक बोर्डांवर एम-टू खाच वापरली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. ती वाचली नाही, तर नवी एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क 'मेली' असं वाटून घाबरायला होतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की ती परत दिसते.

बोर्ड २०१३-१४ च्या आधीचा असेल तर एनव्हीएमईच्या नादाला लागू नका. त्यावरून विंडोज सुरू करायची सोय अशा बोर्डांत सहसा नसते. साटा घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई साडेतीन हजारांच्या आसपास. कागदावर शेवटची उडी सगळ्यात मोठी दिसते, पण रोजच्या वापरात जाणवते ती पहिली. बहुतेक गेमच्या लोडिंगमध्ये साटा आणि एनव्हीएमई यांच्यात काही सेकंदांचाच फरक पडतो.

२. विकत घेताना

क्षमता. नुसतं विंडोज आणि कार्यालयीन काम असेल तर ५०० जीबी पुरे. गेम खेळणार असाल तर थेट १ टीबी घ्या. २५० जीबीची स्वस्त पडते म्हणून घेतलेली एसएसडी दोन गेममध्ये भरते, आणि भरलेली एसएसडी हळू होते. दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवायची असते.

पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, कुठूनही घ्या, पण पक्कं बिल घ्या आणि बिलावर सिरियल नंबर लिहून मागा. वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची असते आणि बिलाशिवाय ती मिळवणं म्हणजे हेलपाटे. ऑनलाइन घेत असाल तर नाव न ऐकलेल्या कंपनीची '१६ टीबी'ची बाह्य एसएसडी पंख्याच्या किमतीत दिसली की पुढे सरका. त्या डबीत बहुधा छोटं मेमरी कार्ड असतं आणि क्षमता खोटी दाखवलेली असते. भरत गेलं की आधीच्या फाइली मुकाट नासतात. शंका आली तर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' हे फुकट सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह लिहून-वाचून खरं-खोटं सांगतं.

दुकानदार "इथेच बसवून, विंडोज टाकून देतो" म्हणेल. हरकत नाही, पण मग यंत्र देण्याआधी खालची चौथी पायरी तुम्हीच करा. तिथे जुनी डिस्क फॉरमॅट झाली तर भरून देणारं कोणी नसतं.

३. क्लोन की नवं विंडोज?

क्लोन म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या ड्राइव्हवर उतरवणं. प्रोग्राम, पासवर्ड, वॉलपेपर, कचरा, सगळं. नवं विंडोज म्हणजे कोरी पाटी.

माझं मत स्पष्ट आहे. संगणक मुख्यतः गेम आणि इंटरनेटसाठी असेल, विंडोज काही वर्षांचं जुनं असेल आणि 'बायोस मोड'मध्ये लेगसी दिसत असेल, तर नवंच टाका. क्लोनने जुनी दुखणीही सोबत येतात. पण घरात कोणी त्याच यंत्रावर हिशेब ठेवत असेल, परवान्याचं सॉफ्टवेअर असेल, किंवा जुने देवनागरी फाँट आणि टायपिंगची सोय बसवलेली असेल, तर क्लोन करा. ते सगळं पुन्हा जुळवण्यात एसएसडीने वाचवलेला वर्षभराचा वेळ जाईल.

विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून मिळणारे सुरक्षा अपडेटही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. तेव्हा यंत्र विंडोज ११ ला पात्र असेल, म्हणजे टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची सोय) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल किंवा त्या काळातला रायझन असेल, तर एसएसडी टाकतानाच तिकडे जा. दोनदा मांडामांड नको.

लागणारं सामान :

- एसएसडी. साटा असेल तर डेटा केबल वेगळी विकत घ्या, डबीत ती सहसा नसते. एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डबीतून) येणारी साटा पॉवरची एक पिन मोकळी आहे का तेही बघा.
- एम-टू असेल तर तिचा इवलासा स्क्रू. तो एसएसडीसोबत बहुतेकदा येत नाही, मदरबोर्डच्या खोक्यात असतो. ते खोकं सापडत नसेल तर दुकानातूनच मागून घ्या.
- चांगल्या टोकाचा छोटा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर.
- लॅपटॉपमध्ये एकच जागा असेल आणि क्लोन करायचा असेल, तर यूएसबी ते साटा अडॅप्टर किंवा एनव्हीएमईची बाह्य डबी.
- ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह. त्यातलं सगळं पुसलं जाईल.
- बॅकअपसाठी बाह्य हार्ड डिस्क.
- मायक्रोसॉफ्टचं खातं आणि स्टीम, एपिक वगैरे गेमच्या ऑनलाइन दुकानांची खाती यांचे पासवर्ड कागदावर, आणि त्या खात्यांना जोडलेला मोबाइल हाताशी.

४. बॅकअप : लोक नेमकं काय विसरतात

फोटो आणि डॉक्युमेंट्स सगळेच घेतात. सुटतं ते वेगळंच.

फाँट. आपल्याकडे उत्सव समितीच्या पत्रिका, नाटकाचे जाहिरात-फलक, देवस्थानचे अहवाल अजूनही श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतात. ते फाँट युनिकोडचे नसल्यामुळे नव्या विंडोजवर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. सी ड्राइव्हमधल्या 'विंडोज' फोल्डरमधला 'फाँट्स' फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवा. ज्या सॉफ्टवेअरसोबत ते आले त्याची परवान्याची चावी आणि डाँगलही (परवान्यासाठी यूएसबीला लावायची खुंटी) शोधून ठेवा.

टॅली. परवाना यंत्राशी बांधलेला असतो. जुनं विंडोज पुसण्याआधी टॅलीतूनच परवाना 'सरेंडर' करा आणि नव्यावर पुन्हा चालू करा. डेटाचा फोल्डर वेगळा घ्या, आणि तो घेताना टॅली बंद असू द्या.

गेमची प्रगती. स्टीमवरचे पुष्कळ गेम सेव्ह क्लाउडवर ठेवतात, पण सगळे नाही. लायब्ररीत गेमच्या नावाशेजारी ढगाचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर सेव्ह बहुधा 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'माय गेम्स'मध्ये, 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये, किंवा तुमच्या नावाच्या फोल्डरमधल्या लपलेल्या 'ॲपडेटा'त असतात. फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या वस्तू दाखवण्याची खूण चालू करा आणि 'ॲपडेटा' पूर्णच उचला. दोनशे तासांची मेहनत असलेला मुलगा गेम पुन्हा उतरवायला तयार असतो, पहिल्यापासून खेळायला नाही.

ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड. सिंक चालू आहे का एवढं तपासा.

आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. मग बायोसमध्ये काही बदललं की निळ्या पडद्यावर ४८ अंकी चावी मागतात. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' उघडा. चालू असेल तर आधी तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून ती रिकव्हरी चावी लिहून घ्या, मग एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. ही एक पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत कुलपाआड राहू शकते.

बॅकअप झाला की 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या फुकट सॉफ्टवेअरने जुन्या डिस्कची तब्येत बघा. 'रीॲलोकेटेड सेक्टर्स' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर'पुढे शून्याशिवाय काही असेल आणि वर पिवळी किंवा लाल खूण असेल, तर क्लोनचा विचार सोडा. मरू घातलेल्या डिस्कला तासन्‌तास सलग वाचायला लावू नये. महत्त्वाच्या फाइली आधी काढा आणि नवं विंडोज टाका.

५. वीज, पाऊस आणि गंज

क्लोन चालू असताना किंवा विंडोज बसताना वीज गेली तर काम अर्धवट राहतं. जुनी डिस्क सहसा वाचते, पण पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग) आक्रसण्याचं काम चालू असताना वीज गेली तर तीही जाऊ शकते. गोव्यात हा धोका पुस्तकी नाही. मे महिन्याच्या शेवटच्या वळवाच्या सरी आणि ऑक्टोबरमधली संध्याकाळची गडगड, या दोन काळांत हे काम दुपारनंतर काढू नका. सकाळी लवकर बसा. वीज खात्याच्या नियोजित दुरुस्तीची सूचना वर्तमानपत्रात येते, ती आदल्या दिवशी बघा.

घरातला छोटा यूपीएस म्हणजे यंत्र नीट बंद करण्यापुरती काही मिनिटं. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर तेवढीही नाहीत. त्याच्या भरवशावर तासभराचं काम लावू नका. इन्व्हर्टरवर संगणक असेल तर उत्तम. लॅपटॉपवाल्यांनी बॅटरी पूर्ण भरून चार्जर लावूनच ठेवावा.

कळंगुटपासून काणकोणपर्यंत किनाऱ्यालगत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. खाऱ्या हवेने कॅबिनेटचे स्क्रू गंजतात. जोर लावून फिरवले की डोक्यावरची फुली घासून गुळगुळीत होते आणि मग स्क्रू ना आत ना बाहेर. गंजलेल्या स्क्रूवर मशिनऑइलचा थेंब टाकून अर्धा तास सोडा, मापाला बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, आणि फिरवण्यापेक्षा खाली दाबण्यावर जोर ठेवा. तेल बोर्डावर सांडू देऊ नका.

६. ड्राइव्ह बसवणं

यंत्र बंद करा, मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज निघू द्या. लॅपटॉपची बॅटरी बोर्डाला जोडलेली असते, मागचं झाकण काढल्याबरोबर आधी तिचा कनेक्टर काढा. आपल्या दमट हवेत अंगावर स्टॅटिक साचण्याची भीती कमी, तरी एसीच्या खोलीत असाल तर कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग आत घाला.

साटाचं सोपं आहे. डेटा आणि पॉवर, दोन्ही कनेक्टर इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे असतात, एकाच बाजूने बसतात. बसत नसेल तर उलटा करून बघा, दाबू नका. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, त्यामुळे कॅबिनेटमध्ये अडीच इंचाची जागा नसेल तर ती दुहेरी चिकटपट्टीने लावली तरी चालतं.

एम-टू पट्टी खाचेत आडवी घालायची नाही. तिरपी, साधारण तीस अंशांत धरा, सोनेरी टोक खाचेत सरकवा. सगळी सोनेरी रेघ आत गेली की हात सोडा. पट्टी आपोआप वर उचललेली राहील, आणि तसंच व्हायला हवं. मग तिचं दुसरं टोक बोटाने खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू ज्यावर बसतो ती पितळी मेख पट्टीच्या लांबीप्रमाणे योग्य भोकात हवी. बाजारातल्या बहुतेक पट्ट्या २२८० मापाच्या, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. मेख मधल्याच भोकात राहिली तर पट्टी तिच्यावर टेकून वाकते. स्क्रू घट्ट नको, थांबला की पुरे. वर हीटसिंक असेल तर त्याच्या पॅडवरचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा काढायला विसरू नका.

७. क्लोनचा मार्ग

सॅमसंग, क्रुशल, किंग्स्टन, डब्ल्यूडी या कंपन्या आपल्या ड्राइव्हसाठी क्लोनचं सॉफ्टवेअर देतात. त्यांच्या कंपनीचा ड्राइव्ह जोडलेला असला तरच ते चालतं. नवख्यांसाठी हाच मार्ग बरा, कारण पार्टिशनचे आकार ते स्वतः जुळवतं. जुन्या व्हिडिओंमध्ये मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती वापरायला सांगतात, ती कंपनीने बंद केली आहे. आता मुदतीची चाचणी आवृत्ती मिळते. क्लोनझिला पूर्णपणे फुकट आणि भरवशाचं आहे, पण काळ्या पडद्यावर इंग्रजी मजकूर वाचत जावं लागतं, आणि नवा ड्राइव्ह जुन्यापेक्षा लहान असला की ते सहजी तयार होत नाही.

जुनी डिस्क १ टीबी आणि एसएसडी ५०० जीबी, ही नेहमीची परिस्थिती. महत्त्व डिस्कच्या एकूण मापाला नाही, आत किती भरलंय त्याला आहे. गेम आणि व्हिडिओ तात्पुरते बाह्य डिस्कवर काढा, भरलेली जागा चारशे जीबीच्या खाली आणा आणि मग क्लोन लावा.

सॉफ्टवेअर 'सोर्स' आणि 'टार्गेट' विचारेल. सोर्स जुनी, टार्गेट नवी. उलटं झालं तर कोरी एसएसडी जुन्या डिस्कवर उतरेल आणि सगळं जाईल. ड्राइव्हच्या अक्षरावर विश्वास ठेवू नका, मॉडेलचं नाव आणि क्षमता वाचून ठरवा.

वेळेचा अंदाज : ४०० जीबी शंभर एमबीच्या वेगाने वाचायला तास-सव्वा तास. पण अडॅप्टर जुन्या यूएसबी २ पोर्टला लावला तर तेच काम तीन तासांवर जातं. निळ्या रंगाचा पोर्ट वापरा.

क्लोन संपला की यंत्र पूर्ण बंद करा, जुनी डिस्क काढून ठेवा, आणि पहिल्यांदा फक्त एसएसडीवर सुरू करा. दोन्ही डिस्कची ओळख आता एकच झालेली असते. दोन्ही एकदम लावल्या तर विंडोज एखादीला बाजूला सारतं, किंवा नकळत जुन्याच डिस्कवरून सुरू होतं आणि "काहीच फरक पडला नाही" असं वाटतं.

८. नव्या विंडोजचा मार्ग

मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' घ्या आणि पेन ड्राइव्ह तयार करा. विंडोज खरं असेल तर चावीची चिंता नको. डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, ड्राइव्ह बदलल्याने जात नाही. सेटअपमध्ये चावी मागितली तर 'माझ्याकडे चावी नाही' निवडा आणि आधी होती तीच आवृत्ती, होम किंवा प्रो, घ्या.

जुनी डिस्क इथेही काढूनच ठेवायची, आणि त्याचं कारण वेगळं आहे. दोन डिस्क असल्या की विंडोजचा सेटअप सुरू होण्याच्या फाइली पुष्कळदा जुन्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकतो आणि बाकीचं नव्यावर. सगळं छान चालतं. सहा महिन्यांनी तुम्ही जुनी डिस्क काढता आणि यंत्र सुरूच होत नाही.

पेन ड्राइव्हवरून सुरू करायला चालू होताना बूट मेनूची कळ दाबत राहा. एसुसच्या मदरबोर्डवर एफ ८, गिगाबाइट, डेल आणि लेनोव्होवर एफ १२, एमएसआयवर एफ ११, एचपीवर एफ ९. पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर 'यूईएफआय' लिहिलेला निवडा. डिस्कच्या यादीत फक्त एसएसडी, 'अनॲलोकेटेड स्पेस' म्हणून दिसेल. ती निवडून पुढे जा, पार्टिशन सेटअपच करतो.

यादी रिकामी दिसली तर एसएसडी खराब निघाली असं समजू नका. अकराव्या पिढीपासूनच्या कित्येक इंटेल लॅपटॉपांवर व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि सेटअपला ड्राइव्ह दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या पानावरून 'रॅपिड स्टोरेज'चा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर टाका आणि 'लोड ड्रायव्हर'ने दाखवा.

पुढचा अडथळा वायफायचा. सेटअप इंटरनेट मागतो आणि वायफायचा ड्रायव्हर अजून नसतो. मोबाइल यूएसबी केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, काम भागतं.

९. बायोसमध्ये दोन मिनिटं

डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा. बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' एसएसडीच्या नावासह सगळ्यात वर आणा. साटा मोड एएचसीआय असू द्या. बाकी काही छेडू नका.

क्लोन केलेल्यांनी मात्र 'बायोस मोड' पुन्हा बघावा. लेगसी डिस्कचा क्लोन लेगसीच राहतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच यंत्र सुरू होऊ देणारी सोय) दोन्ही मागतो, आणि लेगसीत सिक्युअर बूट चालत नाही. डिस्कची मांडणी लेगसीच्या एमबीआरवरून यूईएफआयच्या जीपीटीवर नेण्याचं साधन विंडोजमध्येच आहे. पण नवख्याने ते क्लोन यशस्वी झाल्याची खात्री पटल्यावर, जुनी डिस्क बाजूला सुरक्षित असतानाच वापरावं.

१०. गेम हलवणं

गेम पुन्हा उतरवण्याची गरज सहसा नसते. सत्तरी तालुक्यातल्या गावात मोबाइलच्या डेटावर शंभर जीबी उतरवायचे म्हणजे किती दिवस, ते तिथल्या मुलांनाच विचारा.

बूटच्या क्रमात एसएसडी वर आणून यंत्र तिच्यावरून नीट सुरू झालं असेल, तर आता जुनी डिस्क परत जोडा.

स्टीम, विंडोज क्लोन केलेलं असेल आणि गेम दुसऱ्या ड्राइव्हवर असतील तर : सेटिंग्ज, मग 'स्टोरेज'. एसएसडी यादीत जोडा, गेमवर खूण करा, 'मूव्ह' दाबा. संपलं. फोल्डर हाताने उचलून टाकू नका, स्टीमला पत्ता लागत नाही.

स्टीम, विंडोज नवं टाकलेलं असेल तर : आधी एसएसडीवर स्टीम बसवून साइन इन करा आणि बंद करा. जुन्या डिस्कवर स्टीमच्या फोल्डरमध्ये 'स्टीमॲप्स', त्यात 'कॉमन', आणि त्यात प्रत्येक गेमचा फोल्डर आहे. तो नव्या 'कॉमन'मध्ये कॉपी करा. 'स्टीमॲप्स'मध्येच 'ॲपमॅनिफेस्ट' नावाच्या काही केबींच्या चिमुकल्या फाइली असतील, प्रत्येक गेमची एक, नावात क्रमांक असलेली. कुठली कुणाची ते नोटपॅडमध्ये उघडलं की आत नाव दिसतं. तीही नव्या 'स्टीमॲप्स'मध्ये न्या. स्टीम उघडल्यावर गेम बसवलेलाच दिसेल. मग गेमच्या प्रॉपर्टीजमधून फाइलींची पडताळणी करा. मॅनिफेस्ट सापडली नाही तरी बिघडत नाही. फोल्डर जागेवर असताना 'इन्स्टॉल' दाबलं की स्टीम आधी असलेल्या फाइली शोधतो आणि उणंपुरं तेवढंच उतरवतो.

एपिक थोडा हट्टी आहे. गेमचा फोल्डर जुन्या डिस्कवर तसाच ठेवा. नव्या जागी गेम बसवायला सुरुवात करा, एक-दोन टक्के झाले की थांबवा आणि लाँचर बंद करा. आता जुन्या फोल्डरमधलं सगळं नव्यात कॉपी करा, 'रिप्लेस' म्हणा. लाँचर उघडून 'रिझ्यूम' दाबलं की तो असलेल्या फाइली तपासून पुढे जातो.

जीओजीचे गेम नुसते कॉपी करून चालतात. एक्सबॉक्स ॲपचे मात्र नव्या विंडोजवर पुन्हाच उतरवा. त्या फोल्डरच्या परवानग्यांशी झगडण्यात संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही. व्हॅलोरंटही सरळ नवा बसवा, त्याचं पहारेकरी सॉफ्टवेअर नव्याने बसायलाच हवं.

सगळे गेम एसएसडीवर न्यायची गरज नाही. मोठ्या जगाचे, सारखे लोड होणारे गेम तिकडे. कॅरम, बुद्धिबळ, जुने क्रिकेट आणि वर्षातून एकदा उघडणारे गेम हार्ड डिस्कवरच राहू द्या.

११. जुनी डिस्क

निदान दोन आठवडे तिच्यावरचं काही पुसू नका. काय राहिलं ते तेवढ्या दिवसांत वापरताना कळतं : प्रिंटरचं सॉफ्टवेअर, कुठल्याशा फोल्डरमधली जत्रेच्या नाटकाची चित्रफीत, सहीचं डिजिटल प्रमाणपत्र.

या काळात विंडोजचं 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्स' उघडून एसएसडीपुढे 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलंय ना ते बघा. ते आठवड्यातून एकदा आपोआप ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवतं. बाहेरचं डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर एसएसडीवर चालवू नका, फायदा नाही आणि झीज मात्र होते. 'डाउनलोड्स' आणि 'व्हिडिओज' हे फोल्डर प्रॉपर्टीजमधल्या 'लोकेशन'मधून जुन्या डिस्कवर वळवलेत तर एसएसडी लवकर भरत नाही.

लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर त्याच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावून जुनी डिस्क आत ठेवता येते. कॅडी साडेनऊ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, आधी मोजा.

डिस्क कोणाला देणार किंवा भंगारात टाकणार असाल तर 'क्विक फॉरमॅट'वर थांबू नका. त्याने फक्त यादी पुसली जाते, फाइली साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात. हार्ड डिस्कसाठी फॉरमॅटच्या खिडकीतली 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. त्यात सगळी जागा शून्यांनी भरली जाते, १ टीबीला काही तास लागतात. जुन्या विंडोजचं ईएफआय पार्टिशन डिस्क मॅनेजमेंटमधून पुसू देत नाही, ते राहिलं तरी चालेल, त्यात तुमच्या फाइली नसतात.